समूहवादनातील परस्परश्रवण : 'द बीटल्स'च्या शे स्टेडियम मैफलीच्या संदर्भात

प्रस्तावना :
चार-पाच कलावंतांचा समूह रंगमंचावर एकत्र गातो-वाजवितो तेव्हा त्यातील प्रत्येक जण वादक आणि श्रोता अशा दोन्ही भूमिका एकाच वेळी पार पाडीत असतो. आपला सूर व लय सहकाऱ्यांशी क्षणोक्षणी ताडून पाहिल्याशिवाय समूहवादन संभवत नाही. हे परस्परश्रवण खंडित झाल्यास काय घडते, हे 'द बीटल्स' या ब्रिटिश संगीतसमूहाच्या एका मैफलीच्या आधारे पाहता येते.

शे स्टेडियम, १५ ऑगस्ट १९६५ :
न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील शे स्टेडियम हे १९६४ मध्ये खुले झालेले बेसबॉलचे मैदान होते. तेथे सुमारे ५५,६०० श्रोते जमले. मंच मैदानात आणि श्रोते दूर सज्जांत, अशी रचना होती. समूहाने बारा गाणी सुमारे अर्ध्या तासात सादर केली. वाद्यांसाठी व्हॉक्स कंपनीचे १०० वॅटचे अँप्लिफायर होते. गायन मात्र प्रामुख्याने स्टेडियमच्या उद्घोषणा-यंत्रणेतून ऐकविले जात होते.

या मैफलीचे वर्णन बहुधा चाहत्यांचा उन्माद म्हणून केले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. आरंभीच्या काळातील ३० वॅटच्या अँप्लिफायरऐवजी १०० वॅटचा वापरला, तर ध्वनिपातळी जेमतेम ५ डेसिबलने वाढते. उलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट होताच ती सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणजे वाढविलेली सारी शक्ती अंतराच्या एका दुपटीतच खर्ची पडते. शिवाय मानवी कान २ ते ५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनक्षम असतो, आणि किंकाळ्यांतील बरीचशी ऊर्जा त्याच्याच आसपास असते.

मंचावरील अडचण याहून गंभीर होती. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १०० मीटरवरील स्पीकरमधून येणारा स्वतःचाच आवाज गायकाला सुमारे ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. म्हणजे हा विलंब अर्ध्या मात्रेहून अधिक ठरतो. कलावंतांकडे तोंड केलेले मॉनिटर स्पीकर तेथे नव्हते. ड्रमवादक रिंगो स्टार याने पुढे सांगितल्याप्रमाणे, अशा मैफलींत गाणे कोठवर आले हे तो सहकाऱ्यांच्या हालचालींवरून ताडीत असे. श्रवणाची जागा दृष्टीने घेतली होती.

मैफलीचे चित्रीकरण झाले. तथापि जानेवारी १९६६ मध्ये लंडनच्या सीटीएस स्टुडिओत काही भाग नव्याने ध्वनिमुद्रित करून त्यात मिसळावे लागले. त्यामुळे तो चित्रपट या मैफलीचा पुरावा म्हणून सावधपणेच वापरावयास हवा.

परिणाम :
समूहाची शेवटची तिकीट-मैफल २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर झाली. दौरे थांबण्यामागे त्या वर्षीचे मनिला येथील प्रकरण, अमेरिकेतील निषेध व सततचा थकवा ही कारणेही होती. परंतु त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या 'रिव्हॉल्व्हर' या ध्वनिमुद्रिकेतील एकही गाणे त्या दौऱ्यात सादर झाले नाही, ही बाब अधिक बोलकी आहे. स्टुडिओतील सूक्ष्म रचना आणि मैदानावरील गोंगाट यांची सांगड बसणे अशक्य झाले होते.

पुढे मॉनिटर स्पीकर रूढ झाले. (महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत आजही सगळे स्पीकर प्रेक्षकांकडे वळविले जातात आणि समूहगीत बेसूर झाल्याचा ठपका विद्यार्थ्यांवर येतो.) १९७४ मध्ये 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकी समूहाने तर स्पीकरांची अजस्र भिंत वादकांच्या पाठीमागेच उभारली, जेणेकरून श्रोत्यांना जे ऐकू येई तेच त्यांनाही येई, मात्र तिची वाहतूक व उभारणी न परवडल्याने ती त्याच वर्षी मोडीत निघाली.

बीटल्सचे अखेरचे जाहीर सादरीकरण ३० जानेवारी १९६९ रोजी लंडनमधील सॅव्हिल रोवरील त्यांच्या कार्यालयाच्या गच्चीवर झाले. थंडी व वारा होता. मात्र चौघे आणि कीबोर्डवादक बिली प्रेस्टन एकमेकांपासून काही फुटांवर होते आणि भोवती किंकाळ्या नव्हत्या. तेथील तीन गाण्यांची मुद्रणे १९७० च्या 'लेट इट बी' या ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट झाली.