भिंत चालवणारं तेल

चांगदेवांना भेटायला ज्ञानेश्वर भिंतीवर बसून गेले, ही गोष्ट आपण वाचायला शिकण्याच्या आधीच ऐकलेली असते. गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा मढच्या बंगल्यांबाहेर, जिथे मोठ्या नटनट्यांच्या व्हॅनिटी व्हॅन उभ्या राहतात, तिथे एखादी भिंत आजही चालते. बटण दाबलं की गाडीची एक बाजू सोफा, आरसा आणि दिव्यांसकट सावकाश बाहेर सरकते आणि गाडीच्या पोटात एक खोली वाढते.

ही उठाठेव कशासाठी? आपल्याकडे 2.6 मीटरपेक्षा रुंद गाडी रस्त्यावर आणता येत नाही. लांबी ठरावीक मर्यादेपर्यंत वाढवता येते, रुंदी नाही. मग रस्त्यावर असताना अरुंद आणि उभी राहिल्यावर रुंद, अशी गाडी करायची. अमेरिकेत घर घेऊन भटकणाऱ्यांच्या मोटारींत ही युक्ती सर्रास दिसते. आपल्याकडे ती आली ती सिनेमाच्या वाटेने. हिंदी सिनेमात व्हॅनिटी व्हॅन रुजवण्याचं श्रेय पूनम धिल्लन यांना दिलं जातं. पुढे दिलीप छाब्रिया यांनी शाहरुख खानसाठी व्होल्वोच्या बसवर जी व्हॅनिटी बांधली, तिचं क्षेत्रफळ 280 चौरस फुटांवरून 360 पर्यंत वाढतं, असं तेव्हा छापून आलं होतं. मुंबईत बटण दाबून 80 चौरस फूट जागा मिळावी, यापेक्षा मोठा चमत्कार कोणता!

पण खरी जादू त्या खोलीच्या खाली, जमिनीशी वाकून पाहिल्यावर दिसते. एक पोलादी नळकांडं आणि त्यातून बाहेर येणारा चकचकीत दांडा. त्याला शास्त्रात हायड्रॉलिक सिलिंडर म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं ‘जॅक’. कित्येक मण वजनाची खोली हा मनगटाएवढा दांडा ढकलतो. कसा?

ब्लेझ पास्कल या फ्रेंच माणसाने याचं उत्तर शोधलं. 1662 साली, चाळिशीही न गाठता तो गेला आणि त्याचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापला गेला. त्याचं म्हणणं असं: कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला, की तो दाब जसाच्या तसा सगळीकडे, सगळ्या दिशांना पोचतो. आता याचा अर्थ नीट बघा. दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा जोर. लहान पंपाने तेलात तो निर्माण केला आणि पलीकडे रुंद पिस्टन, म्हणजे दांड्याच्या आतल्या टोकावरची चकती, ठेवला, तर पिस्टनच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला तेवढाच जोर मिळतो आणि त्या सगळ्यांची बेरीज होते.

आकडे घालून पाहू. 50 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम 20 चौरस सेंटिमीटर. त्यामागे 140 बार दाबाचं तेल सोडा. जोर मिळतो 2.8 टनांचा! आणि त्यासाठी दीड हॉर्सपॉवरची मोटर पुरते. फुकटात अर्थातच काही मिळत नाही. जोर वाढला की वेग घटतो, म्हणून ती भिंत अशी राजेशाही थाटात सरकते.

याच नियमाने अंधेरीत पुलाचा एक अख्खा भाग वर उचलला गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या गोखले पुलाची पहिली बाजू उघडली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल तिच्यापेक्षा बराच खाली राहिलेला होता. मग हायड्रॉलिक जॅक लावून त्याचा जोडणारा भाग एका बाजूला 1397 मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला 650 मिलिमीटर उचलला गेला, खाली आधार भरले गेले आणि 4 जुलै 2024 ला त्यावरून वाहनं धावू लागली. पाडून पुन्हा बांधण्याऐवजी पूल उचलायचा, ही कल्पनाच मला थरारून टाकते.

आता एक प्रश्न. पास्कलने नियम सांगितल्यावर असं यंत्र बनायला सव्वाशेहून अधिक वर्षं का लागली? कारण दाबलेला द्रव पळून जातो. पिस्टन सरकायला हवा म्हणजे फट हवी, आणि फट ठेवली की गळती आली. लंडनचा जोसेफ ब्रामा हा कुलपं बनवणारा कारागीर. त्याने 1795 साली पाण्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं, पण पाणी काही कोंडून राहीना. घट्ट पॅकिंग कोंबलं तर दांडा अडके, सैल केलं तर पाणी फवारे. वाट सापडली ती त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लीला, असं सांगतात. त्याने चामड्याची वाटीसारखी चकती बसवली, उघडं तोंड दाबाच्या बाजूला. पाणी वाटीत शिरलं की तिची कड फाकून भिंतीला चिकटते. दाब जितका जास्त, तितकी कड घट्ट. दाब गेला की कड सैल, दांडा मोकळा! पावसाळ्यात लाकडी दार पाण्यानेच फुगून चौकटीत घट्ट बसतं, तसं. पळू पाहणारा द्रव स्वतःच दार लावून घेतो.

चामडं गेलं, रबर आणि पॉलियुरेथेन आलं. पण साकीनाक्याच्या दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळणाऱ्या सील किटमध्ये आजही तीच कड असते. हायड्रॉलिकची सगळी ताकद मला या कडेत दिसते. तेल नुसतं निरोप पोचवतं. बळ येतं ते कोंडण्यातून.

म्हणूनच सिलिंडरच्या तोंडाशी ती कड ज्यावर घासते, तो दांडा आरशासारखा गुळगुळीत असतो. त्यावर कठीण क्रोमचा थर असतो, साधारण 20 ते 25 मायक्रॉन जाडीचा. डोक्यावरचा केस याच्या तिप्पट जाड. आपल्या उपनगरांतली खारी, दमट हवा या थराला बारीक बारीक टोचून गंज आत सोडते. दांड्यावर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला, की खोली सरकते त्या प्रत्येक वेळी तो सीलवर कानशीसारखा फिरतो. मग खाली तेलाचे थेंब दिसू लागतात, कधी खोली आपोआप आत येऊ लागते आणि एक दिवस मिस्त्री म्हणतो, ‘जॅक बदलावा लागेल.’

थांबा. खरंच बदलावा लागेल? इथे एक सुंदर कोडं आहे. खोली बाहेर काढली, बटण सोडलं, व्हॉल्व्हने सिलिंडरची दोन्ही तोंडं बंद केली. आतलं पिस्टनचं सील पार फाटलेलं आहे असं धरा. बाहेरून कोणी खोली आत ढकलली, तर ती जाईल का? सील फाटलंय म्हणजे जाणारच, असं वाटतं. पण नाही! दांडा आत शिरला तर तो आत जागा व्यापणार आणि तेल तर जागा देत नाही. 100 बार दाबाखालीही ते एक टक्कासुद्धा आकसत नाही. तेल पिस्टनच्या या बाजूने त्या बाजूला गेलं तरी दांड्यापुरती जागा आणणार कुठून? खोली जागची हलत नाही. म्हणजे ती आपोआप आत येत असेल, तर तेल सिलिंडरच्या बाहेर जातंय. दांड्याचं तोंड आणि होस पाइप कोरडे असतील, तर दोष व्हॉल्व्हमध्ये शोधायचा. पिस्टनचं सील फाटल्याची खूण वेगळी: पंप ओरडतो, तेल आतल्या आत फिरतं आणि खोली ढकलली जात नाही.

सिलिंडरच गेला असं ठरलं, तर बदलताना प्रत्येक पायरीवर तेच कोंडलेलं बळ समोर येतं. आधी खोलीला आधार. मग मोटर बंद करून दाब सोडायचा, कारण तेल अडवून धरणारा लॉक व्हॉल्व्ह असेल तर मोटर बंद असतानाही तेल आत दबा धरून बसलेलं असतं. गळतीचं सुईएवढं भोक बोटाने कधीही चाचपू नये. त्या फवाऱ्याने तेल कातडीखाली घुसतं. जखम क्षुल्लक दिसते आणि हात गमावण्याची वेळ येऊ शकते. जाणते मिस्त्री पुठ्ठा धरून बघतात.

दोन्ही होसना खुणा करायच्या, नाहीतर ‘बाहेर’चं बटण खोली आत ओढेल. उघड्या तोंडांना लगेच बुचं लावायची, कारण धुळीचा कण आत गेला तर नव्या सीलचा पहिलाच दिवस शेवटचा. नव्या सिलिंडरची पिन ते पिन लांबी आणि स्ट्रोक, म्हणजे दांडा बाहेर येण्याचं अंतर, जुन्याशी तंतोतंत जुळायला हवा. खोलीला पुढे-मागे दोन सिलिंडर असतील तर हे फारच महत्त्वाचं. तेल नेहमी सोप्या वाटेने जातं. ज्या बाजूला वजन कमी, तिकडचा दांडा पुढे धावतो आणि खोली तिरकी होऊन अडकते. म्हणून काही गाड्यांत दोन्ही बाजूंना दातेरी पट्ट्या लावून त्यांची चाकं एकाच शाफ्टवर बसवतात. मग एकाला मागे राहताच येत नाही.

सगळं जोडलं की हवा काढायची. मिस्त्री खोली संथपणे चार-दोनदा आत-बाहेर करतो, ते त्यासाठी. हवा आकसते, म्हणून हवा राहिली की खोली हिसके देते. त्याहून अचाट गोष्ट अशी, की हवेचा बुडबुडा झटक्यात दाबला गेला तर इतका तापतो की त्यातली तेलाची वाफ पेटू शकते आणि सील करपतं. डिझेल इंजिनात जे मुद्दाम घडवतात, ते इथे नको असताना घडतं.

शेवटी टाकीतलं तेल बघायचं, पण खोली पूर्ण आत घेऊन. का, तर बाहेर जाताना पिस्टनमागे तेल भरतं आणि दांड्याच्या बाजूचं परत येतं. 50 मिलिमीटरचा पिस्टन, 30 मिलिमीटरचा दांडा आणि 75 सेंटिमीटर स्ट्रोक धरला, तर आत गेलं सुमारे 1470 मिलिलिटर आणि परत आलं 940. टाकीतून घटलं 530. आता बाहेर आलेल्या दांड्याचं घनफळ मोजून पाहा: तेही 530! खोली बाहेर असताना कोणी टाकी काठोकाठ भरली, तर खोली आत येताच दर दांड्यामागे तेवढंच, मोजून अर्ध्या लिटरहून थोडं जास्त तेल गाडीखाली सांडेल.