माझे मी करीन

शर्टाचे बटण लावायला तुम्हांला किती वेळ लागतो? क्षणभरच! पण त्या क्षणात डोळे, बोटे आणि मेंदू एकजुटीने काम करत असतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला हेच काम फार अवघड जाते. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या त्याच्या मेंदूच्या भागाला जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी इजा झालेली असते. त्यामुळे हात-पाय ताठ होतात किंवा मनाप्रमाणे हलत नाहीत. हा संसर्गजन्य रोग नाही. तो पूर्ण बरा होत नाही; पण उपचारांच्या मदतीने मूल पुष्कळ कामे स्वतः करू लागते.

हे उपचार मुख्यतः तीन प्रकारचे असतात. फिजिओथेरपीत व्यायाम देतात आणि बसणे, उभे राहणे, चालणे यांचा सराव करून घेतात. वाचा-उपचारात बोलायला शिकवतात. ज्याला बोलणे जमत नाही, ते मूल चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून 'पाणी हवे' असे सांगू शकते.

तिसरा प्रकार व्यवसायोपचार. येथे 'व्यवसाय' म्हणजे धंदा नव्हे, तर जेवणे, कपडे घालणे, लिहिणे अशी रोजची कामे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली या उपचाराचे शिक्षण सुरू केले.

व्यवसायोपचारात एका कामाच्या लहान लहान पायऱ्या करतात. आधी मोठे बटण आणि सैल काज घेतात. उपचार करणारी व्यक्ती बटण काजातून अर्धे काढून देते; उरलेले मुलाने ओढायचे. ते जमले, की त्याच्या आधीची पायरी. चमच्याची मूठ जाड केली, की पकड सुटत नाही. हा सराव अम्मी-अब्बांनाही शिकवतात, कारण तो घरी रोज व्हावा लागतो.

दिव्यांग मुलांना शिक्षणाचा हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानेही तो मान्य केला आहे. असा एखादा सोबती तुमच्या वर्गात असेल, तर त्याच्या हातातले काम घाईने काढून घेऊ नका. "मदत हवी का?" असे आधी विचारा. तो "नको" म्हणाला, तर थांबा. बटण लावायला त्याला पाच मिनिटे लागतील; पण ते त्याने स्वतः लावलेले असेल.