रुंद चाकांची किंमत

माझी धाकटी बहीण कॅलिफोर्नियात असते. २०२३च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा विमानतळावरून घरी पोचेपर्यंत तिने एकच विषय लावून धरला होता. "दादा, तू त्याला सांग. तुझं ऐकेल. ह्यांची गाडी कापायला निघालाय!"

'हे' म्हणजे माझे मेहुणे. ते आदल्याच वर्षी गेले. जन्मभर काटकसर केलेल्या या गृहस्थाने एकच चैन केली होती : जुनी, लाल, दोन माणसांची माझदा मिआटा. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दिसलेली ही उघड्या टपाची छोटी गाडी, वजन हजार किलोच्या आत. भाच्याने ती जिवापाड जपली होती. पण त्याला ती रस्त्याबरोबर शर्यतीच्या ट्रॅकवरही न्यायची होती आणि त्यासाठी रुंद चाके बसवायची होती.

मी चौतीस वर्षे बँकेत काढली. अर्ज आला की आधी कारण विचारायचे, ही सवय अजून सुटलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला गॅरेजमध्येच गाठले. म्हटले, "रुंद चाक कशाला? घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं शाळेत शिकलोय मी."

"ते लाकडाच्या ठोकळ्याचं, मामा. रबराचं तसं नाही."

रबरावर भार जितका वाढतो तितकी त्याची पकड वाढत नाही, मागे पडते. तोच भार रुंद टायरवर पसरला की वळणावर पकड जास्त मिळते, शिवाय टायर तापून लवकर ढिला पडत नाही. रिमही रुंद हवी, नाहीतर वळताना टायरच्या भिंती डुलतात.

मूळ रिम साडेपाच इंच, नवी नऊ इंच. म्हणजे सुमारे ९० मिलिमीटर जागा जास्त लागणार. ती आणायची कुठून? सगळी आत घेतली तर चाक सस्पेन्शनला घासते. म्हणून ३५ मिलिमीटर आत आणि पन्नासहून थोडे अधिक बाहेर, असा त्याचा हिशेब होता. या बाहेरच्या रुंदीलाही व्याज असते. बेअरिंगवर ताण येतो, खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग हिसके देते, खडे दारावर उडतात. मडगार्ड निदान टायरच्या नक्षीइतके रुंद हवे, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. त्यासाठी मडगार्डच्या कडेला ती फुगीर पट्टी, फेंडर फ्लेअर. मी तिला निव्वळ नखरा समजत होतो!

(आपल्याकडे कंपनीच्या मूळ रचनेला सोडून केलेले असे बदल कायद्यात बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ सालीच सांगितले आहे. तेव्हा कोणा तरुण वाचकाने ग्राइंडर घेऊन उठू नये.)

"पट्टी लाव की. कापायचं कशाला?"

"गाडी दबली की चाक वर येतं, मामा. आतला पत्रा टायरला कापेल."

मग मी बँकेतला शेवटचा प्रश्न विचारला. परत फिरता येईल का? तो जरा थांबला. पुढची मडगार्ड बोल्टवर असतात, बदलता येतात. मागची मात्र गाडीच्या अंगाचाच भाग. तिथे आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे कडेला जोडलेले असतात. कापल्यावर ते पुन्हा वेल्ड करून बंद केले नाहीत, तर पाणी शिरते आणि गंज धरतो. मागचा काप कायमचा.

"हे आईला सांगितलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर त्याने कागद काढून तिला सगळे समजावले. तिने एकच विचारले, "ह्यांनी केलं असतं का रे?"

"छे! बाबांनी खर्चाचा आकडा ऐकूनच नको म्हटलं असतं."

ती हसली. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

पुढची मूळ मडगार्ड उतरवून जुन्या चादरीत गुंडाळली गेली. त्यांच्या जागी जुन्या बाजारातली दुसरी आणून ती कापली. मागे त्याने स्प्रिंग काढून जॅकने चाक पार वरपर्यंत नेले, टायर जिथे पोचला तिथे कागदी चिकटपट्टीवर खूण केली आणि तेवढेच कापले. उघड्या कडा वेल्ड केल्या, त्यांना रंग दिला, मगच पट्टी बसवली. कापताना टॉर्च बहिणीने धरला होता.

पंधरवड्याने आम्ही मॉन्टेरेजवळच्या लागुना सेका ट्रॅकवर गेलो. लांबी ३.६ किलोमीटर, वळणे ११. त्यातल्या 'कॉर्कस्क्रू' नावाच्या दुहेरी वळणावर गाडी जवळजवळ पाच मजले खाली उतरते. लाल गाडी माथ्यावर आली तशी बहिणीने माझा दंड घट्ट धरला. गाडी डावीकडे, मग उजवीकडे वळली आणि सरळ निघून गेली. तिने दंड सोडला, पण बोलली काहीच नाही.

परतताना मात्र म्हणाली, "दादा, ती चादरीतली मडगार्ड त्याला गॅरेजमध्ये टाकू नको म्हणावं. माझ्या खोलीत राहू देत."