कोथरूडमध्ये भाड्याने फ्लॅट: खर्च कुठे कुठे होतो

कोथरूडमध्ये फ्लॅटचं भाडं ठरतं ते गल्लीवर, इमारतीच्या वयावर आणि पार्किंगवर. वनाझची मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून स्टेशनपर्यंत चालत जाता येणं हाही मुद्दा झाला आहे. भाड्याशिवाय डिपॉझिट लागतं, ते साधारण दोन-तीन महिन्यांचं. एजंट असल्यास बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे लीव्ह अँड लायसन्स करार, सहसा ११ महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ‘अकराच महिने आहेत, नोंदणी कशाला?’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. भाडं २५,००० आणि डिपॉझिट ७५,००० असेल, तर ११ महिन्यांचं शुल्क जेमतेम ७०० रुपयांच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणीसाठी एजंट छोटं यंत्र घेऊन घरी येतो, अंगठे घेतो आणि फोटो काढतो. त्याचा मेहनताना वेगळा.

सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार आणि घर सोडताना रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जाणार का, हे करारातच लिहून घ्यावं. भांडणं बहुतेक इथेच होतात.