हवेच्या दाबाने घडलेला पायाचा आधार

चालताना चप्पल पायातून निसटते, बोटे उंबऱ्याला अडतात, म्हणून माणूस गुडघा उंच उचलून पाऊल आपटत चालतो. पक्षाघात, कुष्ठरोग किंवा गुडघ्याच्या बाजूच्या नसेला झालेली इजा यांमुळे पाऊल वर उचलणारे स्नायू लुळे पडतात, तेव्हा असे होते. याला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. अशा रुग्णाला पोटरीमागून तळव्यापर्यंत जाणारा, बुटात बसणारा प्लॅस्टिकचा आधार देतात. तो बाजारात तयारही मिळतो. पण पाऊल वाकडे किंवा बधिर असेल तर मापाचाच हवा.

त्यासाठी घोटा काटकोनात धरून पायावर प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात. घट्ट झाल्यावर हा साचा कापून काढतात आणि त्यात प्लॅस्टर ओतून पायाची प्रतिकृती बनवतात. खरे कसब इथे लागते. घोट्याची हाडे वर येतात तिथे तंत्रज्ञ प्लॅस्टरचा थर वाढवतो, म्हणजे आधार तिथे टोचत नाही. मग पॉलिप्रॉपिलीनची 3 ते 5 मिलिमीटर जाडीची शीट भट्टीत सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. दुधाळ शीट पारदर्शक झाली, की ती मऊ झाली असे समजायचे. ती झटपट प्रतिकृतीवर टाकून कडा चिकटवतात आणि पंपाने आतली हवा काढतात. फ्रिजच्या आतले प्लॅस्टिकही याच ‘व्हॅक्युम फॉर्मिंग’ पद्धतीने घडते. पंप शीटला ओढतो असे वाटते. प्रत्यक्षात बाहेरची हवाच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा भार देऊन तिला दाबून बसवते.

हा दाब प्रतिकृतीतली चूकही जशीच्या तशी उतरवतो. शीट जास्त ताणली जाते तिथे ती पातळ होते आणि पुढे तिथेच तडकते. पुरती थंड होण्याआधी काढली तर आकार बिघडतो. ‘आजच द्या’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना दुसऱ्या दिवशी बोलावतात, ती टाळाटाळ नसते.

कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पावलाला टोचलेले कळत नाही. म्हणून आधार सुती मोज्यावरच घालावा, सुरुवातीला थोडाच वेळ, आणि काढल्यावर त्वचा नीट पाहावी. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तिथे हात लावून ऊब तपासावी. अर्ध्या तासात लाली किंवा ऊब गेली नाही, तर आधार घालणे थांबवून तो तंत्रज्ञाला दाखवावा. घरी गॅसवर तापवून वाकवू नये. लहान मुलांचा पाय वाढला, की साचा पुन्हा नव्याने घ्यावा लागतो.