समेची वाट पाहणारा मेंदू

सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूर तालुक्यात, संत सोनाजी महाराजांचं सोनाळा आहे. अशा गावात भजनाला बसलेल्या म्हाताऱ्याची मान समेवर बरोबर खाली येते. त्याला ताल कुणी शिकवलेला नसतो. मेंदू आतल्या आत मात्रा मोजतो, पुढे काय येणार ते आधीच ताडतो. मिरगीच्या अभ्यासकांना संगीत आणि मेंदू यांच्या अशाच नात्याने गेली पंचवीसेक वर्षं कोड्यात टाकलं आहे.

एरवी मेंदूतल्या पेशी आपापल्या वेळी विजेचे बारीक संदेश सोडतात. मिरगीच्या झटक्याच्या वेळी त्यांचा मोठा जथा एकदम, एकाच ठेक्यात धडधडतो. झटका नसतानाही अधूनमधून ठिणग्या उडतात आणि त्या मेंदूतली वीज नोंदवणाऱ्या ईईजीच्या आलेखावर दिसतात.

१९९८ मध्ये शिकागोचे मेंदूतज्ज्ञ जॉन ह्यूजेस यांनी मिरगीच्या २९ रुग्णांना मोझार्टची १७८१ सालची, दोन पियानोंची जुगलबंदीच म्हणावी अशी के. ४४८ ही रचना ऐकवली. त्यांतल्या २३ जणांच्या ठिणग्या कमी झाल्या. एक रुग्ण तर बेशुद्ध होता. त्याच्या आलेखावर ६२ टक्के वेळ झटक्याची लय होती, ती संगीत चालू असताना २१ टक्क्यांवर आली. ज्याला आपण ऐकतोय हेही कळत नव्हतं, त्याच्या मेंदूने ऐकलं!

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी १६ रुग्णांच्या थेट मेंदूत बसवलेल्या तारांवरून हे तपासलं. किमान ३० सेकंद ही रचना ऐकल्यावर ठिणग्या घटल्या. रुग्णांच्या स्वतःच्या आवडीच्या गाण्यांनी मात्र काहीच फरक पडला नाही. म्हणजे गोडवा हे कारण नव्हे. लांब स्वरवाक्य संपून दुसरं सुरू होतं, त्या वळणावर मेंदूच्या पुढच्या भागात हालचाल वाढलेली दिसली. म्हणजे मेंदू तिथेही पुढे काय येणार ते ताडत असावा.

पण हात राखूनच बोलायला हवं. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ते फार लहान निघाले आणि पुरावा कच्चा ठरला. काहींना तर संगीतानेच झटका येतो. ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ मॅकडोनल्ड क्रिचली यांनी १९३७ मध्येच अशा मिरगीला स्वतंत्र नाव दिलं होतं. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

तरी डार्टमथचे ते ३० सेकंद माझ्या डोक्यातून जात नाहीत. विलंबित एकतालाचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. तेवढा वेळ गायक स्वरवाक्य लांबवत नेतो, ऐकणारा समेची वाट पाहत राहतो, आणि ती आली की सगळी बैठक एकदम मान डोलावते. त्या मिनिटभरात मेंदूतल्या त्याच तारांवर काय उमटेल, ते मला पाहायचं आहे.