बियाण्याच्या पाकिटावर तारीख असते, टॅबवर नसते

जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट, देवळी, आर्वीच्या कृषी केंद्रांवर कपाशीच्या बियाण्यासाठी गर्दी होते. पाकीट हातात आलं की जाणता शेतकरी आधी ते उलटं करून पाहतो. लॉट नंबर, उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि वैधता कधीपर्यंत, हे सगळं तिथे छापलेलं असतं. मुदत संपली असेल तर पाकीट तिथल्या तिथे परत जातं. याच शेतकऱ्याने मुलीच्या अकरावी-बारावीसाठी टॅब घेतला, तर त्या डब्यावरही मजकूर भरपूर असतो: किंमत, निर्मितीचा महिना, मेमरी, कॅमेऱ्याचे मेगापिक्सल. हा टॅब कोणत्या सालापर्यंत अपडेट घेत राहील, एवढंच काय ते नसतं.

मग तीन-चार वर्षांनी एक दिवस येतो. टॅबची काच शाबूत असते, बॅटरीही बऱ्यापैकी टिकत असते, आणि प्ले स्टोअर सांगतं की हे अ‍ॅप तुमच्या डिव्हाइसवर चालणार नाही. घरचे म्हणतात, टॅब बिघडला. दुरुस्तीवाला फॉरमॅट मारून पाहतो. फॉरमॅट मारून काही होत नाही, कारण टॅबमध्ये बिघाड झालेलाच नसतो. बाहेरचं जग पुढे सरकलेलं असतं.

'अपडेट बंद झाले' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळे नळ असतात आणि ते वेगवेगळ्या वेळी बंद होतात. पहिला ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे अँड्रॉइड ९ चं १० होणं, १० चं ११ होणं. दुसरा सुरक्षेच्या डागडुजीचा. सिस्टिममध्ये सापडलेली भोकं बुजवणारे हे छोटे अपडेट सिस्टिमची आवृत्ती बदलत नाहीत. तिसरा नळ अ‍ॅपवाल्यांच्या हातात असतो. प्रत्येक अ‍ॅप बनवणारा ठरवतो की अमुक आवृत्तीच्या खाली आपलं अ‍ॅप चालवायचं नाही. स्वस्त टॅबमध्ये पहिला नळ लवकर बंद होतो, कधी कधी उघडतच नाही. दुसरा त्याच्या मागोमाग जातो. तिसरा बंद झाला की तेव्हा कुठे मालकाला कळतं.

हा क्रम नीट दिसतो तो 'आकाश'च्या गोष्टीत. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी हा सात इंची टॅब विद्यार्थ्यांसमोर आणला. डेटाविंड या कंपनीने बनवलेला, सरकारला सव्वादोन हजारांच्या आसपास पडणारा, जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून गाजलेला. आत अँड्रॉइड २.२ आणि २५६ एमबी रॅम. स्क्रीनवर बोट टेकवून भागत नसे, दाबावं लागे. गुगलचं अ‍ॅपचं दुकानसुद्धा त्यात नव्हतं, गेटजार नावाचं दुसरंच होतं. पुढे प्रकल्पाची सूत्रं आयआयटी मुंबईकडे, प्रा. दीपक फाटक यांच्या चमूकडे आली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' आला. त्यात अँड्रॉइड ४.० होतं, दुप्पट रॅम होती आणि चांगला टच होता.

आता पुढच्या तारखा पाहा. २७ सप्टेंबर २०२१ पासून गुगलने अँड्रॉइड २.३.७ आणि त्याखालच्या उपकरणांवर गुगल खात्याने लॉग-इन करणं बंद केलं. पहिल्या 'आकाश'ची पिढी त्यात गेली, दहावा वाढदिवस आठ दिवसांवर आला असताना. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला व्हॉट्सअ‍ॅपने ४.०.४ पर्यंतच्या आवृत्त्यांची साथ सोडली, म्हणजे 'आकाश २'ची पिढीही गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलने ४.४ साठीच्या प्ले सर्व्हिसेस थांबवल्या. ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपला किमान अँड्रॉइड ५ लागू लागलं.

या झाल्या जुन्या गोष्टी. पण क्रोम ब्राउझरची रेषा बरीच वर आली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या क्रोम १२० ला किमान अँड्रॉइड ८ लागतं आणि ऑगस्ट २०२५ च्या क्रोम १३९ ला किमान अँड्रॉइड १०. लॉकडाऊनमध्ये मुलांच्या ऑनलाइन वर्गांसाठी घाईघाईने घेतलेला आणि ९ वरच अडकून पडलेला टॅब पाच वर्षांत या रेषेखाली गेला.

कंपन्या अपडेट थांबवतात ते केवळ नवा माल खपावा म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. त्यात तथ्य नाही असं नाही, पण यंत्राच्या पोटातलं कारणही समजून घ्यायला हवं. टॅबचा मेंदू म्हणजे त्यातली चिप. ती टॅब बनवणारी कंपनी सहसा स्वतः करत नाही, दुसरीकडून घेते. नवं अँड्रॉइड त्या चिपवर चालायचं तर चिप बनवणाऱ्याने तिचं सॉफ्टवेअर नव्याने जुळवून द्यावं लागतं. चिपवाल्याने हात वर केले की टॅबवाल्याची इच्छा असली तरी काम महाग आणि अवघड होऊन बसतं. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत गुगलने 'ट्रेबल' नावाची रचना आणली. चिपचं सॉफ्टवेअर एका बाजूला आणि अँड्रॉइड दुसऱ्या बाजूला, अशी मधे भिंत घातली, म्हणजे एक बदललं तरी दुसरं हलवावं लागू नये. त्याने अपडेट देणं सोपं झालं. द्यायचे की नाही, हे मात्र कंपनीच्याच हातात राहिलं.

अ‍ॅपवाल्यांचंही गणित आहे. जुन्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी चाचणी घ्यावी लागते, नवीन सोयी जुन्या सिस्टिममध्ये नसतात, आणि त्या आवृत्त्या वापरणारे दर वर्षी कमी होत जातात. बँकांची अडचण आणखी वेगळी. ज्या सिस्टिमची भोकं बुजवणं थांबलं आहे, तिच्यावर खातं उघडू देणं म्हणजे कडी नसलेल्या दाराच्या घरात तिजोरी ठेवणं.

कधी कधी तर अ‍ॅप आणि सिस्टिम दोन्ही जागेवर असतात, तरी वेबसाइट उघडत नाहीत. 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो आणि लोक नेटवर्कला दोष देतात. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक ओळखपत्र असतं, आणि ते देणाऱ्या विश्वासू संस्थांची यादी टॅबमध्ये कारखान्यातूनच भरलेली असते. लाखो वेबसाइटना फुकट ओळखपत्र देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या यादीत नाही. दुसऱ्या संस्थेच्या सहीवर तिचं काम चालत होतं, ती सोय सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. त्यानंतर जुन्या टॅबना या साइट अनोळखी वाटू लागल्या. मात्र असा इशारा दिसला की आधी टॅबमधली तारीख तपासावी. महिनोन्‌महिने कपाटात पडलेल्या टॅबची बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि मग खरी ओळखपत्रंही त्याला खोटी वाटतात. तारीख दुरुस्त केली की कित्येकदा काम भागतं.

शहरातल्या माणसाला जुना टॅब बाजूला ठेवून फोन उचलता येतो. वर्धा जिल्ह्यातल्या गावात प्रश्न जरा वेगळा होतो, कारण इथे अ‍ॅप ही हौस राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून पेरा नोंदवायला ई-पीक पाहणी आली. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी दिवसातून दोनदा फोटो काढून अ‍ॅपवर चढवणं सक्तीचं झालं. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी आली. विद्यार्थ्यांकडेही सरकारी टॅब पोहोचले आहेत. नागपुरात मुख्यालय असलेली 'महाज्योती' ही संस्था जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना मोफत टॅब आणि रोज ६ जीबी इंटरनेट देते. दोन वर्षांच्या तयारीला हा टॅब पुरतो. त्यानंतर तो धाकट्या भावंडाकडे जातो तेव्हा वरचे तिन्ही नळ मोजायची वेळ येते.

उपकरण आणि अ‍ॅप यांची फारकत झाली की काय होतं, हे महाराष्ट्राने सर्वांत ठळकपणे पाहिलं ते अंगणवाड्यांत. राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. पोषण अभियानात सेविकांना सरकारने स्मार्टफोन दिले, २ जीबी रॅमचे. तेव्हाच्या अ‍ॅपसाठी ते कसेबसे पुरत. १ मार्च २०२१ रोजी केंद्राचं 'पोषण ट्रॅकर' हे नवं अ‍ॅप आलं. अ‍ॅप जड, फोन हलका. फोन तापू लागले, हँग होऊ लागले. वॉरंटी संपलेली, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून. त्यातून अ‍ॅप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर 'मोबाइल वापसी' आंदोलन सुरू झालं आणि हजारो सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत नेऊन फोन परत केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही चांगल्या फोनची मागणी मानधनवाढीच्या मागणीशेजारी उभी होती.

म्हणजे फोन घेताना तो किती वर्षं आणि कोणत्या कामाला पुरला पाहिजे, हा प्रश्न नंतर रस्त्यावर येऊन विचारावा लागला. तो आधी विचारण्याची एक जुनी रीत वर्ध्याला परकी नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम शहरातल्या मगनवाडीत चाले. तिथल्या १९३८ च्या मगन संग्रहालयात नाना तऱ्हेचे चरखे मांडलेले आहेत. सुधारित चरखा मिळावा म्हणून गांधीजींच्या पुढाकाराने चरखा संघाने १९२९ मध्ये १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी आजच्या खरेदी अधिकाऱ्यांनी वाचाव्यात अशा आहेत. चरखा खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा. बाईला त्यावर फार न थकता आठ तास काम करता यावं. किंमत १५० रुपयांच्या वर नको. वेळच्या वेळी निगा राखली तर तो किमान २० वर्षं चालावा. आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे साडेसात रुपयांपेक्षा, जास्त नसावा. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही, इतक्या त्या अटी कडक होत्या. पण यंत्राचं आयुष्य आणि निगेचा खर्च बनवणाऱ्याने आधी कबूल करायचा, हे त्या कागदावर पांढऱ्यावर काळं केलेलं होतं.

जग आता त्या दिशेने थोडं थोडं सरकत आहे. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या फोन आणि टॅबना नवा नियम लागू झाला: मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षं सिस्टिमचे अपडेट मिळावेत आणि ७ वर्षं सुटे भाग. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांचा शब्द दिला आहे, पण हे महागडे फोन आहेत. अ‍ॅपलचं रेकॉर्ड जुनं आणि बरं: २०१३ च्या आयपॅड एअरची सिस्टिम १२ व्या आवृत्तीवर थांबली, तरी जानेवारी २०२३ मध्येही तिला सुरक्षेचा एक अपडेट मिळाला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. उपकरण दुरुस्तीला किती सोपं आहे याचे गुण ग्राहकाला खरेदीच्या वेळीच दिसावेत, अशी शिफारस करणारा समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये सरकारकडे गेला. त्या गुणांच्या निकषांत सॉफ्टवेअर अपडेटही आहेत.

तोवर ग्राहकाने पाकीट उलटं करायचं तर कसं? टॅब घेताना मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन तो बाजारात पहिल्यांदा कधी आला ते शोधावं. अपडेटची वर्षं बहुधा त्या दिवसापासून मोजली जातात, तुम्ही पैसे दिले त्या दिवसापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळणाऱ्या टॅबची दोन वर्षं आधीच गोदामात सरलेली असू शकतात. घरातल्या टॅबसाठी सेटिंगमध्ये 'टॅबलेटविषयी' या भागात जावं. तिथे अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा पॅचची तारीख दिसते. ती तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर बँक, यूपीआय आणि आधारशी जोडलेली अ‍ॅप त्यावरून काढून टाकावीत.

बाकी कामांना तो टॅब अजून चालतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, ती एकदा भरून ठेवली की इंटरनेट लागत नाही. व्याख्यानांचे व्हिडिओ मेमरी कार्डवर मावतात. नवं अ‍ॅप बसत नसलं तरी बनवणाऱ्याने जुनी आवृत्ती ठेवली असेल तर प्ले स्टोअर तीच देतं. अ‍ॅपलच्या दुकानातही ही सोय आहे. ज्यांना खटपटीची आवड आहे ते लिनेजओएस ही स्वयंसेवकांनी सांभाळलेली सिस्टिम चढवतात. पण ती मोजक्या मॉडेलवरच बसते आणि तिच्यावर बँकेची अ‍ॅप अनेकदा अडून बसतात.

टॅब दुसऱ्याला देण्याआधी त्यातलं गुगल खातं काढून मगच फॅक्टरी रिसेट करावं. अँड्रॉइड ५.१ पासूनच्या उपकरणांत हा क्रम चुकला तर नव्या मालकाला जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला जाऊ शकतो. आणि मागचं झाकण फुगलेलं किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर त्या टॅबचं चार्जिंग लगेच बंद करावं. ती बॅटरी फुगलेली असते. अशी वस्तू उकिरड्यावर किंवा रद्दीच्या गाड्यावर टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे तिची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांमार्फत लावायची आहे आणि ती जबाबदारी टॅब बनवणाऱ्या कंपनीवर आहे.